न्याहारीचा वाद : कोणाच्या शरीराबद्दल बोलतो आहोत?

सकाळी काही खावे की न खावे याबद्दल मराठी घरांत गेली काही वर्षे दोन परस्परविरोधी सल्ले ऐकू येतात. पहिला सल्ला असा, की उठल्यावर लवकरच काहीतरी खावे आणि पुढे दर दोन तासांनी थोडेथोडे खात राहावे. ऋजुता दिवेकर यांच्या २००९ सालच्या पुस्तकानंतर तो बराच लोकप्रिय झाला. दुसरा सल्ला असा, की दिवसातून दोनच वेळा, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवावे. त्याचे मूळ नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांत आहे, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. २०१८ च्या सुमारास वर्तमानपत्रांनी या दोन मतांची जणू कुस्तीच लावून दिली होती. पुण्यातल्या अनेक घरांत आज एक जण पहाटे बदाम खातो, तर दुसरा दुपारी बारापर्यंत फक्त पाण्यावर असतो.

वडीलधाऱ्यांनी आपापल्या तब्येतीवर प्रयोग करावेत, त्याला कोणाची हरकत असणार? पण हा वाद आता शाळेत पोचला आहे. आठवी-नववीच्या वर्गात पचनसंस्था शिकवताना 'नाश्ता केला नाही तर चरबी जळते ना?' असा प्रश्न येऊ शकतो, आणि त्याच वर्गात घरून काहीही न खाता आलेली मुलेही बसलेली असतात. म्हणून या दोन्ही सल्ल्यांमागची शास्त्रीय कारणे तपासून पाहणे हे शिक्षकाचे काम ठरते. सल्ला उपयोगी पडतो की नाही आणि त्यासाठी दिलेले कारण खरे आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवू या.

चयापचय खरोखर मंदावतो का?

चयापचय म्हणजे शरीरात अन्नापासून ऊर्जा मिळवणे, ती साठवणे आणि खर्च करणे या सर्व रासायनिक क्रियांचा एकत्रित व्यवहार. न्याहारीच्या बाजूने बोलणारे पुष्कळजण म्हणतात, की सकाळी खाल्ले नाही तर ही भट्टी विझते आणि शरीर 'उपासमारीच्या अवस्थेत' जाऊन चरबी साठवू लागते. चित्र मोठे पटण्याजोगे आहे, पण ते खरे नाही.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात २०१४ साली ३३ सडपातळ प्रौढांवर सहा आठवड्यांचा एक प्रयोग झाला. एका गटाने सकाळी अकराच्या आत किमान ७०० उष्मांकांचा नाश्ता करायचा; दुसऱ्याने दुपारी बारापर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. सहा आठवड्यांनंतर विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा तो दोन्ही गटांत जवळजवळ जिथल्या तिथे होता. फरक दिवसाला ११ उष्मांकांच्या आत. थोड्या दिवसांच्या संपूर्ण उपासात तर हा खर्च सुरुवातीला किंचित वाढतो, असे ऑस्ट्रियातील एका प्रयोगात २००० साली दिसले. तो घटू लागतो तो उपास लांबल्यावर आणि वजन उतरल्यावर. एका सकाळच्या उपाशी राहण्याने भट्टी विझत नाही.

'थोडेथोडे खाल्ल्याने चयापचय वाढतो' या म्हणण्याचीही तीच गत. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्च करते, ती अन्नातील उष्मांकांच्या साधारण १० टक्के असते. आता वर्गात फळ्यावर हे गणित मांडून पाहा. १८०० उष्मांक दोन जेवणांत घेतले, तर प्रत्येक जेवणाचे ९० प्रमाणे १८० उष्मांक पचनात गेले. तेच सहा वेळा ३०० प्रमाणे घेतले, तर प्रत्येक वेळचे ३० प्रमाणे पुन्हा १८०च. घास किती वेळा घेतला यावर नव्हे, तर एकूण किती खाल्ले यावर हा खर्च ठरतो.

इन्सुलिनचे 'माप'

आता दुसरी बाजू. दोन जेवणांच्या पद्धतीचे समर्थन असे केले जाते : आपण काहीही, कितीही खाल्ले तरी स्वादुपिंडातून इन्सुलिनचे एक 'माप' बाहेर पडते. म्हणून जितक्या वेळा खाल तितकी मापे. इन्सुलिन वाढले की चरबी साठते. सबब खाण्याच्या वेळा कमी करा. पहिल्या मापानंतर पुढचे माप सुमारे ५५ मिनिटे येत नाही, म्हणून जेवण तेवढ्या वेळात आटपा.

यातला अर्धा भाग पाठ्यपुस्तकातलाच आहे. इन्सुलिन चरबीचे विघटन रोखते आणि साठवण वाढवते, यात वाद नाही. पण 'माप' ही कल्पना टिकत नाही. स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील ग्लुकोज सतत अजमावत असतात. ग्लुकोज वाढले की त्या प्रमाणात इन्सुलिन सोडतात, कमी झाले की आवरते घेतात. आतड्यातून येणारे संदेश आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांचाही त्यात वाटा असतो. अर्धा पेरू आणि दोन ताटे भात यांना सारखेच इन्सुलिन लागत असते, तर पेरू खाणाऱ्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरली असती.

याची सरळ परीक्षा कॅनडात १९८९ साली झाली होती. सात पुरुषांना दोन आठवडे रोजचे अन्न तीन जेवणांत दिले आणि दोन आठवडे तेच अन्न १७ छोट्या खाण्यांत विभागून दिले. 'माप' खरे असते तर १७ वेळा खाणाऱ्यांचे इन्सुलिन कितीतरी वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे २८ टक्क्यांनी कमी भरले.

याचा अर्थ १७ वेळा खावे असा होत नाही. त्या प्रयोगात एकूण अन्न मोजून सारखे ठेवले होते. आपल्या घरात तसे होत नाही. सकाळच्या पोह्यांवर शेव, चहाबरोबर खारी, दुपारी कोणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा, संध्याकाळी वडापाव. खाण्याच्या वेळा वाढल्या की एकूण खाणेही वाढते. दोन जेवणांची शिस्त पाळणाऱ्या अनेकांचे वजन उतरते, यात नवल नाही. मधले खाणे बंद झाले, साखरेचा चहा बंद झाला आणि डॉ. दीक्षित आवर्जून सांगतात ते ४५ मिनिटांचे चालणे सुरू झाले. गुण आला तो यांमुळे; त्याचे श्रेय मापाला देण्याचे कारण नाही.

मग सकाळी न खाल्ल्याने काहीच बदलत नाही का?

बदलते. रात्री नऊला जेवलेल्या माणसाचे अन्न मध्यरात्रीनंतर केव्हातरी पूर्ण शोषले जाते. त्यानंतर रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृत करते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात ग्लुकोजचा साठा असतो. प्रौढात तो साधारण ८० ते १०० ग्रॅम. पहाटेपर्यंत त्यातला बराच खर्च होतो. सोबत यकृत अमिनो आम्लांपासून आणि इतर घटकांपासून नवे ग्लुकोज बनवू लागते, आणि चरबीच्या पेशी मेदाम्ले रक्तात सोडतात. न्याहारी केली की हा कारभार थांबून साठवण सुरू होते. न केल्यास तो दुपारपर्यंत चालू राहतो. निरोगी प्रौढाला त्याने काही इजा होत नाही.

फरक दिसतो तो पुढच्या जेवणात. दिवसातील दुसऱ्या खाण्याच्या वेळी शरीर ग्लुकोज अधिक चांगले हाताळते, हे १९२० च्या सुमारासच लक्षात आले होते. पहिले खाणे म्हणजे जणू यंत्रणेला दिलेली पूर्वसूचना. ती मिळाली नाही, रक्तात मेदाम्ले भरपूर असली, की स्नायू ग्लुकोज उचलायला आढेवेढे घेतात. २०१५ साली इस्रायलमधील संशोधकांच्या गटाने प्रकार २ चा मधुमेह असलेल्या २२ जणांवर याची चाचणी घेतली. न्याहारी चुकवलेल्या दिवशी तेच दुपारचे जेवण घेतल्यावर रक्तातील साखरेची वाढ सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त होती, आणि रात्रीच्या जेवणानंतर सुमारे २७ टक्क्यांनी. जेवण तेच आणि माणूसही तोच. बदलली होती ती फक्त सकाळ.

बाथच्या प्रयोगातही आणखी एक गोष्ट दिसली होती. न्याहारी न करणाऱ्यांनी दिवसभरात सुमारे ५४० उष्मांक कमी खाल्ले, पण त्यांची हालचालही कमी झाली. हालचालीवरचा खर्च सुमारे ४४० उष्मांकांनी घटला. म्हणजे शरीराने जमाखर्च बव्हंशी जुळवून घेतला. वजनात लक्षणीय फरक पडला नाही. २०१४ सालीच अमेरिकेत ३०९ जास्त वजनाच्या प्रौढांना १६ आठवडे 'न्याहारी करा' किंवा 'करू नका' असे सांगून पाहिले. वजनावर परिणाम दिसला नाही. २०१९ साली अशा १३ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात न्याहारी करणारे दिवसाला सरासरी २६० उष्मांक अधिक खात होते आणि त्यांचे वजन जेमतेम अर्धा किलो जास्त भरले. वजन कमी करण्याची युक्ती म्हणून न्याहारी करणे आणि न करणे, दोन्ही निष्प्रभच ठरतात.

दोन जेवणांच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा २०१४ साली प्रागमधून आला. ५४ मधुमेही व्यक्तींना तेवढेच उष्मांक एकदा दोन जेवणांत आणि एकदा सहा खाण्यांत देण्यात आले; प्रत्येक पद्धत १२ आठवडे. दोन जेवणांत वजन ३.७ किलो उतरले, सहा खाण्यांत २.३ किलो. मात्र ही दोन जेवणे कोणती होती? सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण. वगळले होते ते रात्रीचे. हा प्रयोग दोन जेवणांच्या समर्थनार्थ वापरायचा असेल, तर सकाळ सोडून रात्री साडेनऊला पोटभर जेवणाऱ्याला त्याचा आधार घेता येणार नाही.

पुरावा वाचण्याच्या दोन चुका

विज्ञान शिकवणाऱ्यांना या वादातून वर्गात वापरण्याजोगे धडे मिळतात. पहिला धडा न्याहारीच्या समर्थकांकडून. अमेरिकेत सुमारे २७ हजार पुरुषांच्या पाहणीत, न्याहारी न करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण २७ टक्क्यांनी अधिक आढळले; ही बातमी २०१३ साली जगभर छापून आली. पण तेच पुरुष अधिक धूम्रपान करणारे, अधिक मद्य घेणारे आणि कमी व्यायाम करणारेही होते. संशोधकांनी गणिताने या गोष्टी वजा करण्याचा प्रयत्न केला, तरी सर्व वजा झाल्या असे म्हणता येत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही. त्याच वर्षी आणखी एका शोधनिबंधाने दाखवून दिले, की न्याहारी आणि लठ्ठपणा यांच्या संबंधाबद्दल संशोधक स्वतःच पुराव्यापेक्षा मोठी विधाने करत आले आहेत. बाजारालाही अशी विधाने सोयीची असतात. केलॉग कंपनीचा तळोज्याचा कारखाना १९९४ साली सुरू झाला, तेव्हा पोहे-उपीट खाणाऱ्यांना न्याहारीचे महत्त्व पटवून देण्याची मोहीमच निघाली होती.

दुसरा धडा दोन जेवणांच्या समर्थकांकडून. सभांतून आणि मोबाइलवरील गटांतून आपल्यापुढे येतात ते 'आधी आणि नंतर'चे दाखले. ते खोटे नसतात. पण ज्यांना जमले नाही ते गटातून निघून गेलेले असतात, आणि तुलनेला दुसरा गट नसतो. तुलनेचा गट ठेवला की चित्र पालटू शकते. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांच्या एका प्रयोगात काहींनी १२ आठवडे फक्त दुपारी १२ ते रात्री ८ या वेळात खाल्ले. त्यांचे वजन ०.९४ किलो उतरले. 'आधी-नंतर'च्या नजरेने हे यशच. पण रोज तीन वेळा जेवणाऱ्या गटाचेही ०.६८ किलो उतरले होते, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता.

शरीर कोणाचे?

या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. दोघेही 'शरीर' असे बोलतात. कोणाचे शरीर ते सांगत नाहीत. पुण्यातच या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते; इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्यामानाने राखलेली होती. अशा शरीराचा माणूस सडपातळ दिसूनही मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. बाथमधल्या सडपातळ प्रौढाला सकाळचा उपास सोसला, म्हणून सदाशिव पेठेतल्या पन्नाशीच्या माणसाला तो तसाच सोसेल असे धरून चालता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलूच नयेत. साखर एकदम उतरण्याचा धोका खरा आहे.

हीच गोष्ट मुलांच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. प्रौढाचा मेंदू विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी साधारण एक-पंचमांश वापरतो. पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू सुमारे दोन-तृतीयांश. यकृत लहान, साठा लहान आणि गिऱ्हाईक मात्र मोठे. त्यामुळे उपाशीपणी मुलांची साखर प्रौढांपेक्षा लवकर उतरते.

जमैकात १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. नऊ-दहा वर्षांची ९० मुले घेतली : एक तृतीयांश चांगल्या पोषणाची, एक तृतीयांश खुरटलेल्या वाढीची, आणि एक तृतीयांश लहानपणी तीव्र कुपोषण होऊन गेलेली. एके दिवशी न्याहारी देऊन आणि एके दिवशी न देता त्यांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या. चांगल्या पोषणाच्या मुलांवर न्याहारी चुकण्याचा वाईट परिणाम दिसला नाही. अंकगणितात तर त्यांना किंचित अधिक गुण मिळाले. उरलेल्या दोन्ही गटांचे गुण काही चाचण्यांत घसरले. एकाच सकाळी, एकाच वर्गात, उपाशी राहण्याचे दोन निरनिराळे परिणाम!

आपल्या वर्गात कोणती मुले बसतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे खुरटलेल्या वाढीची आढळली. हीच पिढी आता पहिली-दुसरीच्या बाकांवर आहे. 'न्याहारी अनावश्यक' हे विधान त्यांच्याबाबत करण्याला शास्त्राचा काहीही आधार नाही. डॉ. दीक्षित स्वतःही ही पद्धत अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही असे सांगतात. पण घरात मोठे जे करतात ते मुले पाहतात, आणि सूचनेतली ही ओळ सर्वांत आधी गळते.

जुन्या पुण्यातले लोक दोनदाच जेवत, हा दाखलाही पुष्कळदा दिला जातो. तो अर्धाच आहे. कचेऱ्या आणि शाळा अकराला भरत, म्हणून पहिले जेवण दहाच्या सुमारास होई. मुलांना त्याआधी मऊ भात-मेतकूट किंवा रात्रीची पोळी मिळे. शेतावर राबणाऱ्याची न्याहारी तर भाकरीचीच असे. आजच्या सकाळच्या सत्रातले मूल सातच्या शाळेसाठी सहाला घर सोडते, आणि मधली सुटी होईपर्यंत त्याच्या पोटात चहा-बिस्किटाशिवाय काही नसते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४ साली झाला. वरच्या वर्गांना मात्र त्याचा लाभ नाही.

शाळेच्या हातात काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० सालीच दुपारच्या जेवणाखेरीज सकाळी साधा नाश्ता द्यावा अशी शिफारस केली आहे. शिजवणे शक्य नसेल तिथे गूळ घातलेले शेंगदाणे किंवा चणे आणि स्थानिक फळ चालेल, इतके ते सोपे ठेवले आहे. २०२१ साली 'पीएम पोषण' योजना मंजूर झाली, तेव्हा तिच्यात हा नाश्ता नव्हता. तमिळनाडूने २०२२ मध्ये स्वतःच्या खर्चाने तो सुरू केला आणि २०२३ मध्ये सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेला. न्याहारीच्या वादाचे खरे मोल इथे आहे. 'न्याहारीची गरजच नसते' हे मत समाजात रुजले, तर मुलांसाठी ती मागायची कोणी? आणि 'न्याहारी केली की मुले हुशार होतात' असे अवास्तव सांगितले, तर वर्षभरात गुण वाढले नाहीत म्हणून योजना गुंडाळायला निमित्त मिळेल. जमैकातच पुढे वर्षभर न्याहारी देऊन पाहिली, तेव्हा हजेरी, वजन, उंची आणि लहान मुलांचे अंकगणित यांत सुधारणा झाली, पण ती थोडी होती. तेवढे म्हणणेही पुरेसे आहे. भुकेल्या मुलाला खायला देण्यासाठी त्याहून मोठे कारण लागत नाही.

तोपर्यंत शिक्षकाने काय करावे? 'आज कोण न खाता आले?' असे भर वर्गात विचारू नये. गरीब मूल खोटे सांगेल आणि ओशाळेल. पहिल्या दोन तासांत कोण मलूल दिसते याची आठवडाभर स्वतःपुरती नोंद ठेवावी आणि ती मुख्याध्यापकांपुढे ठेवावी. मधली सुटी अर्धा तास अलीकडे आणता येते का ते पाहावे. शेंगदाणे-गुळाचा डबा शिक्षकांच्या खोलीत ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि वजन उतरवण्यासाठी नाश्ता सोडलेल्या नववीतल्या मुलीने प्रश्न विचारलाच, तर तिला सांगावे, की तुझी हाडे आणि रक्त अजून घडते आहे, ज्यांच्यावर हे प्रयोग झाले ते सगळे मोठे लोक होते, आणि त्यांनाही न्याहारी सोडून वजनात फारसा लाभ झालेला नाही.